‘इंगलनूक’ आणि आपला ‘इंगळ’

इंग्रजी ‘इंगलनूक’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि त्यातला ‘इंगल’ म्हणजे आपला ‘इंगळ’च का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

अर्थ आधी पाहू. इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुन्या घरांत भिंतीतला जाळ पेटवण्याचा भाग इतका रुंद असे की धुरांड्याच्या मोठ्या तुळईखाली, विस्तवाच्या दोन्ही अंगांना, बसायला बाके ठेवता येत. स्वयंपाक आणि शेक घेणे दोन्ही तिथेच चाले. या बसायच्या आडोशाला इंगलनूक म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात वास्तुरचनाकारांनी तो हौसेने परत आणला. नॉर्थम्बरलंडमधील क्रॅगसाइड या वाड्यात नॉर्मन शॉ यांनी जेवणाच्या दालनात केलेला इंगलनूक प्रसिद्ध आहे.

‘नूक’ म्हणजे कोपरा. ‘इंगल’ हा मूळचा स्कॉट्स बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ घरात पेटलेला विस्तव असा आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या 1786 च्या काव्यसंग्रहातील शेतमजुराच्या घरी असाच छोटासा ‘इंगल’ लुकलुकतो. स्कॉटलंडमधील जुन्या गेलिक भाषेतील ‘अंगल’सारख्या उच्चाराच्या, उजेड किंवा आग अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला असावा, असे कोशकार सावधपणे म्हणतात.

आता ‘इंगळ’. याचे मूळ संस्कृत ‘अङ्गार’, आणि मधला टप्पा प्राकृत ‘इंगाल’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पक्व’, ‘अङ्गार’ आणि ‘ललाट’ या तीन शब्दांतील पहिल्या ‘अ’चा विकल्पाने ‘इ’ होतो असे एकाच सूत्रात सांगितले आहे. त्या तिन्ही शब्दांचे वंशज मराठीत आजही नांदत आहेत: आंबा पिकतो तो ‘पिक्क’मुळे, निढळाचा घाम गाळतो ते ‘णिडाल’मुळे, आणि चुलीतला रसरशीत निखारा इंगळ होतो तो ‘इंगाल’मुळे. इतका स्वच्छ माग फार थोड्या शब्दांचा लागतो, म्हणून मला हे सूत्र विशेष प्रिय आहे.

यावरून एक गोष्ट ठरते. ‘इंगळ’मधील ‘इ’ प्राकृतात आला, आणि ‘र’चा ‘ल’ व पुढे ‘ळ’ही इथेच झाला, म्हणजे ज्या दोन खुणांमुळे हे शब्द जुळे वाटतात, त्या दोन्ही आपल्याकडच्या आहेत. तुलना करायचीच तर ती ‘अङ्गार’शी करायला हवी. ‘अङ्गार’चे खरे भाऊबंद लिथुएनियन ‘अंग्लिस’ आणि रशियन ‘ऊगल्य’ हे कोळसावाचक शब्द होत. गेलिक शब्दाला त्या कुळात बसवण्याचा मोह होतो, पण निव्वळ नादसाम्यावर नाते जोडू नये.

‘इंगलनूक’च्या भाषांतरात ‘शेकोटी’ लिहू नये, कारण ती उघड्यावरची. आणि ‘कोनाडा’ दिवा ठेवण्यापुरता असतो, त्यात माणूस बसत नाही. ‘आगटीजवळचा कोपरा’ हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.