किहांबा वाटण्याआधी

प्रिय मित्रा,

पुण्यातल्या चार वर्षांत कमावलेले तुझे मराठी टांझानियातल्या मोशीला गेल्यावर गंजू नये, म्हणून हे पत्र मुद्दाम मराठीतच लिहितो आहे. तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. किहांब्यातील, म्हणजे तुमच्या घराभोवतीच्या वडिलोपार्जित बागेतील, केळी काढून सलग कॉफी लावायची, घराण्याच्या नावाने भाजलेल्या कॉफीची पाकिटे विकायची आणि त्याआधी तिघा भावंडांत जमिनीचे तीन तुकडे करायचे, असा तुझा बेत आहे. पाकिटांची कल्पना मला पटली. उरलेल्या दोन गोष्टींबाबत मात्र थोडे थांबावे, असे मला वाटते.

मी किलिमांजारोच्या उतारावरच्या मारांगूला तुमच्या घरी उतरलो होतो, तेव्हाची एक सकाळ आठवते. तुझ्या आईने केळीच्या खोडाला कोयत्याने अर्धवट छेद दिला, झाड वाकू दिले, घड हलकेच खाली घेतला आणि लगेच त्या खोडाचे तुकडे करून गोठ्यातल्या गायीपुढे टाकले. त्या गायीचे शेण पुन्हा केळीच्या बुंध्याशी जाते आणि केळीच्या सावलीत कॉफी वाढते. वर म्रिंगारिंगाची उंच झाडे आणि खाली अळू व कोनफळ, असा एक हेक्टरही नसलेल्या जागेत सगळा संसार मांडलेला असतो. आमच्या कोकणातली नारळी-पोफळीची वाडी पाहिलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटते. यातली केळ काढलीस, तर कॉफीची सावली, गायीचा चारा आणि घराचे अन्न या तिन्ही गोष्टी तुला विकत घ्याव्या लागतील, आणि त्यांचा खर्च तुझ्या आराखड्यात कुठेच धरलेला नाही.

शिवाय कॉफी ही तुमच्या डोंगरावर उशिरा आलेली पाहुणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांबरोबर ती आली. गोऱ्या मळेवाल्यांचा विरोध पत्करून तुमच्या चग्गा जमातीच्या शेतकऱ्यांनी ती आपलीशी केली, 1925 साली स्वतःची संघटना उभारली आणि 1933 मध्ये तिच्या जागी सहकारी संघ आणला. हा अभिमान तू पाकिटावर जरूर छाप. पण 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धत मोडली आणि भाव कोसळले, तेव्हा अनेक घरांनी कॉफीकडे पाठ फिरवली, आणि चूल पेटती ठेवली ती केळीने. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने शिंब्वे जू येथील किहांबा पद्धतीला जागतिक कृषी वारशात स्थान दिले, तेही एका पिकासाठी नसून या सगळ्या गुंफणीसाठी दिले.

आता हिशेबाचे बोलतो, कारण तुझी वही मला लंगडी वाटली. तिच्यात बाबांच्या कॉफीची (तुमच्या स्वाहिलीतही वडिलांना बाबाच म्हणतात, याची मला अजून गंमत वाटते) प्रत्येक नोंद आहे, पण आई बाजारात विकते त्या केळ्यांची एकही नाही. कॉफीचा पैसा पुरुषांचा आणि केळ्यांचा बायकांचा, ही तिकडची जुनी वहिवाट मला ठाऊक आहे. तो पैसा आईच्या हातून काढून घे, असे मी म्हणत नाही. तो कागदावर मात्र दिसला पाहिजे. पाकिटाची किंमत ठरवतानाही सावध राहा. सहा-सात किलो पिकल्या फळांतून जेमतेम एक किलो हिरवी कॉफी हाती येते आणि भाजल्यावर त्यातलेही वजन घटते. जुनी झाडे बदलायची असतील, तर ल्यामुंगूच्या कॉफी संशोधन संस्थेतून रोगाला दाद न देणारी रोपे आण, पण दरवर्षी थोडीथोडी. नवे झाड फळाला यायला तीन वर्षे तरी घेते, आणि तेवढा काळ सगळा बाग एकदम उपाशी ठेवणे कोणत्याच घराला परवडत नाही.

वाटणीबद्दल लिहिताना हात जड होतो. आमच्या वाडीच्या चार वाटण्या झाल्या तेव्हा झाडे मोजून वाटली, पण पाट सामाईकच राहिला. तो उपसायची पाळी कोणाची, यावरून चौघे भाऊ तीन उन्हाळे भांडलो आणि खालच्या अंगाच्या पोफळी वाळून गेल्या. त्यात मीही होतो. तुमच्या म्फोंगोचे, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या पाटाचे, पाणीही पाळीनेच येते, म्हणून हे सांगतो. जमीन अखंड ठेवून कामे वाटता येतात का ते पाहा. बहिणीचा हात हिशेबात चांगला आहे, धाकट्याला रोपांचे वेड आहे, आणि मोशीच्या लिलावापर्यंतची धावपळ तुझ्याइतकी कोणाला जमणार नाही. कोणाचे किती कष्ट, तेवढा वाटा, हे मात्र लेखी करा. सख्ख्या भावंडांतही.

गेल्या महिन्यात धाकट्याशी तुझे वाजले, असे कळले. तुमच्याकडे ‘मसाले’ नावाच्या झुडपाचे पान पुढे केले की समोरच्याला माफी नाकारता येत नाही, हे तूच मला शिकवले होतेस, आणि ते झुडूप तर तुमच्या बांधावरच आहे. तेवढे आधी उरक. मग आईजवळ बसून एका महिन्यात किती घड उतरले, किती घरात खाल्ले, किती म्बेगेला, म्हणजे केळ्यांच्या बिअरला, गेले आणि किती विकले, हे लिहून काढ आणि तो कागद मला पाठव. पाकिटांच्या किमतीवर आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
पुण्याचा मास्तर