मझॉन क्रीकच्या गोट्यात जीवाश्म आहे का, हे फोडण्याआधी कसं ओळखायचं?

बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही, अंदाज बांधता येतो. तुम्ही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मझॉन क्रीक या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध भागातून, ब्रेडवूडजवळच्या जुन्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यावरून बादलीभर गोटे आणलेत आणि कुणीतरी सांगितलं, ‘हातोडा घाला, लगेच कळेल.’ त्या सल्ल्यामुळेच मी लिहायला बसलो. कृपा करून हातोडा घालू नका.

आधी निवड करा. कामाचा गोटा लांबट-चपटा, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा असतो. वरून गंजाच्या रंगाचा, आतून राखाडी आणि हाताला जड, कारण सिडेराइटने, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटने, घट्ट झालेला तो सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा चिखल आहे. विटेसारखा लाल, हलका तुकडा म्हणजे ढिगाऱ्यातल्या आगीत भाजलेला शेल, म्हणजे थराथरांचा चिखलाचा खडक. तो टाका.

आता हातोडा का नको? पान किंवा किडा जिथे गाडला गेला तिथे गोट्यात एक नाजूक, सहज फुटणारी पातळी राहते. हातोड्याचा घाव ती पातळी शोधत नाही, वाट्टेल तसा तिरपा जातो आणि पानाचे चार तुकडे करतो. पाणी मात्र नेमकं त्याच फटीत शिरतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून गोटे दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. मग आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात, वर बोटभर पाणी ठेवून, फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा. काचेची बरणी तडकते. बाहेर काढून अख्खा दिवस वितळू द्या. आत बर्फ राहिला तर नवं पाणी फटीत जात नाही. पुन्हा गोठवा. काही गोटे पाच फेऱ्यांत उघडतात, काहींना पन्नासही पुरत नाहीत. कडेने केसाएवढी रेघ सलग फिरलेली दिसली की गोटा उभा धरून त्या रेघेवर हलकी टिचकी, बस्स.

‘महिने जातात’ म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे: १९५०च्या दशकात हौशी संग्राहक फ्रान्सिस टली यांना जे गोटे सापडले, ते ऊन-पावसाने आपसूक उघडलेले होते. त्यातला मऊ शरीराचा समुद्री प्राणी, टलिमॉन्स्ट्रम, १९८९ पासून इलिनॉयचा राज्य-जीवाश्म आहे.

उघडल्यावर दोन्ही अर्धुकांवर एकच नंबर घाला. एकीकडे उठाव आणि दुसरीकडे त्याचाच खळगा असेल तर जीवाश्म. नुसती गंजाची वर्तुळं किंवा कॅल्साइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या भेगा म्हणजे जीवाश्म नव्हे. नेच्यासारख्या पानाची पर्णिका, म्हणजे छोटं उपपान, एकाच बिंदूने दांड्याला टेकली असेल तर ती न्यूरोप्टेरिस ही वनस्पती, रुंद बुडाने चिकटली असेल तर अ‍ॅलिथॉप्टेरिस. गोल, नाव न सुचणारा ठसा बहुधा एसेक्सेला. ती जेलीफिश समजली जायची, पण २०२३च्या संशोधनानुसार तो समुद्रफुलासारखा प्राणी आहे. ठशावरची पांढरी भुकटी ब्रशने घासू नका, काळा कार्बनचा पापुद्राही निघून जाईल.

आणि हो, बरेच गोटे रिकामेच निघतात. त्याच भागातल्या मझोनिया-ब्रेडवूड या सरकारी क्षेत्रात जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो, तो नसेल तर पुढच्या खेपेआधी काढा. सह्याद्रीतल्या गोट्यांवर हा प्रयोग करू नका. तो लाव्हा आहे, त्याच्या पोकळीत झिओलाइटचे खनिज-स्फटिक निघतील, किडा नाही.