माजी सैनिक कल्याण मंत्री कोण? आजीची पेन्शन अडली आहे, त्यांना थेट अर्ज करू का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा फौजेत होते, आठ महिन्यांपूर्वी गेले, आजीची पेन्शन अजून सुरू नाही, आणि आता थेट मंत्र्यांनाच अर्ज करायचा विचार आहे.

आधी मंत्र्यांचं सांगून टाकतो. दिल्लीत माजी सैनिकांसाठी वेगळा मंत्री नसतो. संरक्षण मंत्रालयातच २००४ साली माजी सैनिक कल्याण विभाग निघाला, तो संरक्षणमंत्र्यांच्या हाताखाली, म्हणजे २०१९ पासून राजनाथ सिंह यांच्या. पेन्शन, वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा नि सारखी नोकरी, तर पेन्शनही सारखी), ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचा दवाखाना, हे सगळं तिकडचं. मुंबईत हे खातं वेगळं असतं, पण कोणाला ते एकटं मिळालेलं मी पाहिलं नाही. मोठ्या खात्याच्या शेपटाला बांधून येतं. मागे दादाजी भुसेंकडे कृषीसोबत होतं, डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात शंभूराज देसाईंकडे पर्यटन आणि खनिकर्मासोबत आलं. म्हणजे आजीची पेन्शन केंद्राची, आणि तुम्ही अर्ज करायला निघालात बहुतेक राज्याच्या मंत्र्यांना.

हसत नाही तुम्हाला. मीही तेच केलं होतं.

वडील महार रेजिमेंटला होते. गेले ते ऐन सोयाबीनच्या सवंगणीत. तेराव्यानंतर कागद जमवले, ऑनलाइन भरले, अडकले. मग रागाच्या भरात 'माननीय मंत्रीमहोदय'पासून सुरुवात करून तीन पानं लिहिली, त्यात वडिलांची सगळी नोकरी ओतली आणि रजिस्टर पोस्टानं मंत्रालयात पाठवली. अडीच महिन्यांनी फोन आला. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक बोलत होते.

"भाऊ, तुमचं पत्र मुंबईहून पुण्याला गेलं, पुण्याहून माह्या टेबलावर आलं. तुमचं गाव किती लांब हाये इथून?"

"चाळीस किलोमीटर."

"मंग सरळ एसटीत बसून याचं नं बाप्पा!"

हे संघटक स्वतः माजी सैनिकच असतात, त्यामुळे त्यांना कागद वाचता येतो. आमच्या संघटकांनी वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निघताना मिळतं ते नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, घेतलं, कुटुंबाची नोंद असलेलं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पत्नीचं नाव: वत्सला. आईच्या आधारवर, बँकेत, रेशनकार्डावर सगळीकडे कमल.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलत. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव बंद. वडिलांनी रजा संपवून युनिटमध्ये परत गेल्यावर लग्नाची नोंद केली ती पत्रिका पाहून, आणि पत्रिकेत नाव माहेरचं. पुढं चाळीस वर्षं ते पान कोणी उघडलं नाही. फौजेच्या दप्तरी माझी आई वडिलांची कोणीच लागत नव्हती.

मग प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याची पेपरात जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला. जोडप्याचा एकत्र फोटो शोधता शोधता नाकी नऊ आले, शेवटी मावशीच्या लग्नातला निघाला. हा गठ्ठा सैनिक कार्यालयाच्या पत्रासोबत सागरला, म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. तिथं नाव दुरुस्त झालं, तेव्हा कुठं 'स्पर्श'वरचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरचा अर्ज पुढं सरकला. एक धीर देतो: फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, उशिरा सुरू झाली तरी मधली रक्कम एकदम मिळते. आईला मिळाली.

त्यामुळे पहिले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ते राज्याचं असलं तरी खर्चात केंद्राचाही वाटा असतो, आणि दोन्हीकडच्या कामाचे कागद तिथूनच जातात. आजोबांचं पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आजीचं आधार आणि पासबुक, सगळ्याच्या मूळ प्रती घेऊन जा, झेरॉक्सवर भागवू नका. जमलं तर आजीलाही सोबत न्या. स्पर्शचं ऑनलाइन काम तालुक्याच्या सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रावरही होतं, पण आत नावच चुकलं असेल तर केंद्रवाला पोट्टा तरी काय करणार?

आजोबांची पेन्शनीची वर्षंच भरली नव्हती असं निघालं तर गोष्ट वेगळी. मग आजीला फॅमिली पेन्शन बसणार नाही, पण केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे, हवालदारापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना. महिना ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केली. तो अर्जही याच कार्यालयाच्या शिफारशीनं जातो.

मंत्री लागतात ते नियम बदलायला. माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची घरपट्टी माफ करायचा राज्याचा निर्णय २०२० मधला, तसलं काम वरच होतं. एका घरच्या एका नावासाठी मंत्रालयाला लिहिलं की पत्र फिरून त्याच टेबलावर येतं, वर संघटकाला खुलासा लिहावा लागतो तो वेगळाच. आमच्या त्या संघटकांनी तो लिहिला आणि वरून मलाच चहा पाजला. सैनिक कार्यालयातून तीन-चार महिने काहीच हललं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका, पेन्शनीच्या बाबतीत तो रस्ता मंत्र्याच्या पत्रापेक्षा जवळचा.

आणि निघण्याआधी आजीला तिचं माहेरचं नाव विचारून ठेवा. डिस्चार्ज बुकात काय लिहिलंय ते पाहून इथं कळवा, मग पुढचं सांगतो.