अमेरिकेत बँकेतून पेन्यांचे रोल आणून तांब्याची जुनी नाणी शोधण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीला येऊन तीन महिने झाले, ऑफिसातला एक सहकारी दर शनिवारी बँकेतून पेन्यांचं अख्खं खोकं घरी नेतो, त्यातली तांब्याची निवडून ठेवतो, बाकीची परत करतो आणि 'यात पैसा आहे' असं छातीठोकपणे सांगतो. खरंच पैसा आहे का, आणि असेल तर सुरुवात कशी करायची, हा तुमचा प्रश्न.

तांबं आहे, पैसा नाही. मी हा उद्योग नऊ वर्षं करतोय. तळघरात साडेअकरा हजार तांब्याच्या पेन्या पडून आहेत. म्हणजे दुकानात चालवायला गेलो तर एकशे पंधरा डॉलर आणि उचलायला गेलो तर जवळपास छत्तीस किलो. बायको मला 'चिल्लर नवरा' म्हणते, आणि घर बदलताना ते डबे जिन्यावरून तिनेही उचललेत, त्यामुळे तो हक्क तिला आहे.

आधी हे तांबं येतं कुठून ते सांगतो. अमेरिकेचा एक सेंट, ज्याला इथे सगळे पेनी म्हणतात, तो १९८२ पर्यंत ९५ टक्के तांब्याचा होता आणि वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं तसं टांकसाळीने १९८२ मध्ये धातू बदलला. आतून जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, ९७.५ टक्के जस्त, वजन अडीच ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखी, म्हणून लोकांनी दोन्ही एकाच बरणीत टाकली, आणि म्हणून ती आजही एकाच रोलमध्ये, म्हणजे नाण्यांच्या कागदी गुंडाळीत, सापडतात. १९८१ पर्यंतचं साल दिसलं की तांबं, १९८३ पासून पुढचं जस्त. मधलं १९८२ हे त्रांगडं आहे, कारण त्या एका वर्षात दोन्ही प्रकार पाडले गेले. ते तोलावंच लागतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल असा डिजिटल काटा घ्या, पंधरा-वीस डॉलरला मिळतो. ३.१ आलं तर ठेवा, २.५ आलं तर परतीच्या डब्यात.

आता हिशोब. एका रोलमध्ये पन्नास नाणी, एका खोक्यात पन्नास रोल. म्हणजे अडीच हजार नाणी, पंचवीस डॉलर, वजन साडेसहा किलोच्या आसपास. मला एका खोक्यात सरासरी चारशेवीस तांब्याची मिळत आली आहेत. तांब्याचा भाव पौंड वजनाला (४५४ ग्रॅम) साडेचार डॉलर धरा. एका पेनीत साधारण २.९५ ग्रॅम तांबं, म्हणजे तिच्यातल्या धातूची किंमत तीन सेंटला जराशी कमी. चारशेवीस नाण्यांचं झालं सव्वाबारा डॉलर. त्यातून त्यांची दर्शनी किंमत चार डॉलर वीस सेंट वजा केली की उरले आठ. एक खोकं हाताने निवडायला मला अडीच तास लागतात, बँकेत जाणं-येणं वेगळं. न्यू जर्सीत किमान वेतन तासाला पंधरा डॉलरच्या वर आहे. तुमच्या सहकाऱ्याला शनिवारी हमाली करून जास्त मिळतील.

आणि ते आठ डॉलरसुद्धा कागदावरचेच. पेन्या वितळवणं बेकायदेशीर आहे. धातूचे भाव चढल्यावर टांकसाळीने डिसेंबर २००६ मध्ये हा नियम आणला आणि २००७ मध्ये तो कायम केला. पेनी आणि पाच सेंटचं निकेल, दोन्ही वितळवायला आणि, थोडे अपवाद सोडले तर, देशाबाहेर न्यायलाही बंदी. शिक्षा दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण एकाने मला विचारलं होतं: 'मुंबईला जाताना बॅगेत टाकून नेली आणि तिथल्या भंगारवाल्याला दिली तर?' प्रवाशाला जवळ बाळगून पाच डॉलरपर्यंतची नेता येतात, त्यापुढे अटी आहेत. पाच डॉलर म्हणजे पाचशे नाणी, दीड किलो. तेवढ्या वजनात आईसाठी बदाम बसतात. तेच न्या.

काही जण बंदी उठेल म्हणून साठवून ठेवतात, काही जण तांब्याच्या पेन्या किलोवर ऑनलाइन विकतात. विकतात ते दर्शनी किमतीपेक्षा जास्त घेतात हे खरं, पण टपालाचा खर्च बघितला की हसू येतं. मी एकदाच विकल्या, परत नाही.

मग नऊ वर्षं का करतोय? तांब्यासाठी नाही. तांबं निवडताना मध्येच जे हाताला लागतं त्यासाठी. १९०९ ते १९५८ या काळातल्या पेनीच्या मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या आहेत, इथे त्यांना 'व्हीट सेंट' म्हणतात, आमच्या घरात 'ओंबीवालं'. १९५९ पासून मागे लिंकनचं स्मारक आलं. मला एका खोक्यात आठ-दहा ओंबीवाली मिळतात. बहुतेक चाळीस-पन्नासच्या दशकातली, झिजलेली, प्रत्येकी पाच-दहा सेंटच्या पलीकडे न जाणारी. पण १९४४ चं एखादं हातात आलं की थांबायला होतं. त्या वर्षीच्या नाण्यांत युद्धातल्या काडतुसांच्या रिकाम्या टरफलांचं पितळ वापरलं होतं. आदल्या वर्षी, १९४३ ला, तांबं सगळं युद्धाकडे वळवल्यामुळे पेन्या पोलादाच्या पाडल्या होत्या, वर जस्ताचा मुलामा. त्या लोहचुंबकाला चिकटतात आणि रोलमध्ये क्वचितच दिसतात.

त्याच १९४३ सालात चुकून मोजकीच नाणी तांब्याच्या मिश्रधातूवर पडली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला त्यातलं एक १९४७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमध्ये सुट्ट्या पैशांत मिळालं. त्याने ते आयुष्यभर जपलं, आणि २०१९ मध्ये लिलावात त्या नाण्याला २ लाख ४ हजार डॉलर आले. हा किस्सा तुमचा सहकारी तुम्हाला ऐकवणारच, तेव्हा एवढं लक्षात ठेवा: १९४३ ची तांबूस पेनी सापडली की आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर कुणीतरी तांबं चढवलंय. अशी बनावट भरपूर आहेत.

मला जास्त आवडतो तो १९५५ चा किस्सा. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका साच्यावर ठसा दोनदा, किंचित सरकून उमटला. साल आणि अक्षरं दोन-दोन दिसतात, डोळ्यांना चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटतं. चूक लक्षात आली तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती, म्हणून तशीच जाऊ दिली. वीस हजारांच्या आसपास बाहेर पडली. त्यातली बरीच लोकांना सिगारेटच्या पाकिटांतून मिळाली. तेव्हा यंत्रातून सिगारेटचं पाकीट घेताना पंचवीस सेंटचं नाणं टाकावं लागे, पाकीट तेवीसचं, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घालून ठेवलेले असत. व्यसनातून कमाई झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

माझी सगळ्यात मोठी धडधड १९०९ च्या नाण्याची. हे अध्यक्ष लिंकनचा चेहरा असलेल्या पेनीचं पहिलं वर्ष, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेली. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराने आपली आद्याक्षरं, व्ही.डी.बी., मागच्या बाजूला तळाशी घातली. लोकांनी ओरड केली म्हणून काही दिवसांतच ती काढून टाकली. तेवढ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत जी पडली ती फक्त ४,८४,०००. त्या नाण्यावर पुढे सालाखाली बारीक 'एस' असतो आणि ते मिळालं की संग्राहक आयुष्य सार्थकी लागल्यासारखं बोलतात. एका रात्री मला मागच्या बाजूची ती तीन अक्षरं दिसली. नाणं उलटायच्या आधी मी उठून हात धुऊन आलो, का ते विचारू नका. उलटलं. सालाखाली कोरं. फिलाडेल्फियाचं, पावणेतीन कोटींहून जास्त पाडलेलं. तरी ते वेगळ्या पाकिटात ठेवलंय.

मधली एक गोष्ट, माझी आई इथे सहा महिने राहिली होती तेव्हाची. मी रात्री काटा घेऊन १९८२ ची नाणी एकेक तोलत बसलेलो. ती म्हणाली, 'तोलतोस काय, वाजवून बघ की.' तिने ओट्याच्या ग्रॅनाइटवर एक टाकलं, टण्ण. दुसरं टाकलं, थप्प. 'हे खणखणीत आहे, हे बद्द वाजतंय.' मी काट्यावर ठेवून बघितलं, बरोबर निघालं. पुढे शंभर नाणी तिने कानाने निवडली, त्यातली दोन चुकली. इथले जुने शोधकरी हेच करतात, त्याला 'ड्रॉप टेस्ट' म्हणतात, आणि तांब्याचा नाद जस्तापेक्षा खरोखरच लांबतो. रुपया वाजवून घ्यायची सवय लागलेल्या पिढीला ही परीक्षा नवी नव्हती. मग भोकाच्या पैशाची आठवण निघाली. १९४३ ते ४७ मध्ये आपल्याकडे निघालेला तो मधे भोक असलेला पैसा, जो लोकांनी पुढे सर्रास वायसर म्हणून वापरला. 'आमच्या मोरीच्या नळाला एक होता,' आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर माझी निवडलेली साठ-सत्तर ओंबीवाली नाणी टेबलावर लखलखत होती. तिने चिंच-मीठ लावून घासली होती, देवाचे तांबे घासतात तशी. मी काही बोललो नाही. तुम्हाला मात्र सांगतो: जुनं नाणं कधीही घासू नका. त्याच्यावरचा काळपट तपकिरी थर हीच त्याची प्रकृती. घासलेलं नाणं जाणकाराला लगेच कळतं आणि त्याची किंमत पडते. सुदैवाने त्या डब्यात मौल्यवान काही नव्हतं. ती अजून तशीच ठेवली आहेत, हळूहळू परत काळवंडतायत.

तरीही करून बघायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. खातं असेल ती बँक अजून खोकी देत असेल तर आधी सांगून मागवावं लागतं, नुसते रोल खिडकीवरही मिळू शकतात. मशिनने बांधलेल्या रोलपेक्षा ग्राहकाने घरी हाताने बांधून आणलेले मिळाले तर आधी ते मागा. कुणा आजोबांची चाळीस वर्षांची बरणी त्यात असू शकते. नको असलेली नाणी ज्या बँकेतून आणली तिथेच परत नेऊ नका, नाहीतर आपणच टाकलेली आपल्यालाच परत मिळतात. शिवाय खिडकीवरची माणसं वैतागतात. मी सुरुवातीला एका शाखेत सुटी नाणी पिशवीतून नेली, त्यांचं मोजणीयंत्र अडकलं, मागे सात माणसांची रांग. त्या शाखेत मी नंतर दोन वर्षं गेलो नाही. किराणा दुकानातली मोजणीयंत्रं रोख हवी असेल तर घसघशीत टक्के कापून घेतात, तिकडे जाऊ नका. परत करताना स्वतः रोल बांधून न्या.

१९८२ ची तोलताना एका नाण्यावर लक्ष ठेवा: डेन्व्हरच्या टांकसाळीचं, म्हणजे सालाखाली 'डी' असलेलं, सालाचे आकडे छोटे असलेलं, आणि वजन ३.१ ग्रॅम. असं नाणं पाडलंच गेलं नाही असं सगळे मानत होते, २०१६ मध्ये पहिलं सापडलं. तेही असंच कुणीतरी तोलत बसलं होतं म्हणून.

शेवटी वेळेचा मुद्दा, आणि तो महत्त्वाचा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीच्या शेवटच्या पेन्या पाडल्या गेल्या. जुन्या चालतात, पण नवीन येत नाहीत, आणि लोक बरण्यांमधल्या बाहेर काढत नाहीत. कॅनडात हेच आधी झालं: तिथे फेब्रुवारी २०१३ पासून पेनीचं वाटप थांबलं. इथे काही दुकानं आता रोखीचं बिल पाच सेंटवर आणतात, आणि माझ्या नेहमीच्या शाखेने खोकी देणं बंद केलंय. मागच्या महिन्यात फक्त दोन हाताने बांधलेले रोल मिळाले. शंभर नाणी, तांब्याची एकवीस, ओंबीवालं एक.

तेव्हा मलाच तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या सहकाऱ्याला अजून दर शनिवारी अख्खं खोकं मिळतंय? कुठल्या शाखेत, तेवढं विचारून सांगा.