रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय काय?

ईसीजी झाला, टू-डी इको झाला, ट्रेडमिलवर पळवून झालं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासलं. सगळं नॉर्मल. खरं तर अशा वेळी माणसाला हायसं वाटायला हवं, पण समोर बसलेला माणूस जास्तच खचलेला असतो. ‘काहीच नाही’ म्हटलं की घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, आणि धडधड तर खरीच असते. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला इतकी माणसं येतात की एकदा सविस्तरच लिहावं म्हटलं. खालचा अनुभव तीन-चार जणांचा मिळून आहे, ओळखीचे तपशील बदललेले आहेत.

साताऱ्याचे एक गृहस्थ, वय बेचाळीस, पतसंस्थेत नोकरी. पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात गाडी वाहतुकीत अडकली आणि छातीत धडधड, घाम, हातापायांना मुंग्या सुरू झाल्या. ‘आता मी जातो,’ असं वाटलं. बायकोने थेट हॉस्पिटल गाठलं. ते योग्यच केलं. पहिल्यांदा छातीत दुखतं तेव्हा तो पॅनिक अटॅक (एकाएकी उसळलेल्या तीव्र भीतीचा झटका) आहे की हृदयविकार, हे घरी बसून कुणीही ठरवू नये. चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह असेल, चालताना-चढताना दुखत असेल किंवा कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर आधी डॉक्टरच.

पण पुढच्या सात महिन्यांत हे तीनदा इमर्जन्सीत जाऊन आले. पुणं बंद झालं, मग सिनेमा, मग लिफ्ट. खिशात पाण्याची छोटी बाटली आणि अल्प्राझोलम या शांत करणाऱ्या गोळीची पट्टी, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ.

“ह्यांना एकटं सोडता येत नाही. मी शेजारच्या दुकानात गेले तरी फोन येतो,” बायको म्हणाली.

मी विचारलं, “सगळ्यात मोठी भीती कसली?”

“चक्कर येऊन पडेन.”

“आजवर अटॅक किती आले?”

“पन्नासेक असतील.”

“आणि पडलात किती वेळा?”

“एकदाही नाही.” मग लगेच, “पण वेळेवर पाणी प्यायलो म्हणून.”

पॅनिकची सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी आणि रक्तदाब चढतो. माणूस बेशुद्ध पडतो तो साधारण रक्तदाब एकाएकी उतरला तर. म्हणजे अटॅकमध्ये डोकं हलकं होतं, पण पडण्याची शक्यता कमीच. (रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचं वेगळं, त्यांना खरोखर भोवळ येते.) डोकं हलकं होतं ते भराभर श्वास घेतल्यामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. आणि छातीचे स्नायू दमले की दुखतात. त्रास भयंकर, पण शरीराला त्याने इजा होत नाही. अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. बाटलीने काही केलं नाही तरी उतरतोच. पण प्रत्येक वेळी तो उतरल्याचं श्रेय बाटलीला गेलं, आणि बाटलीशिवायचं जग पन्नासपट धोक्याचं झालं.

म्हणूनच ‘दीर्घ श्वास घ्या, शांत व्हा’ हा सल्ला मी अटॅकच्या क्षणासाठी सहसा देत नाही. तीही एक बाटलीच होते.

हे सगळं समजावून सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा नाडी मोजतो. समज शरीरापर्यंत पोचावी लागते. चौथ्या भेटीत आम्ही दोघांनी मिळून तो त्रास मुद्दाम आणला. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे विचारल्याशिवाय करायचंच नाही. तोंडाने, खोल, मिनिटाला तीसेक श्वास. चाळिसाव्या सेकंदाला त्यांचा हात बाटलीकडे गेला.

“हेच! बोगद्यात अगदी हेच झालं होतं!”

“मुंग्या?”

“बोटांना. ओठांनापण.”

“भीती दहापैकी किती?”

“नऊ.”

“आता काहीच करू नका. पाणी नको, नाडी नको. भिंतीवरचं घड्याळ बघत बसा.”

खोलीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या मिनिटाला आकडा सात, चौथ्याला चार. ते हाताची बोटं उघडमीट करून बघत होते.

“कमी झालं.”

“कुणी कमी केलं?”

बराच वेळ गेला. “कुणीच नाही,” ते म्हणाले, आणि हसले. त्या हसण्यासाठी पहिल्या तीन भेटी खर्ची पडल्या होत्या. माझ्या मते उपचार तिथेच झाला, पुढचा सगळा सराव.

सराव म्हणजे रोज घरी हेच: एक मिनिट भरभर श्वास, एक मिनिट नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास, एक मिनिट फिरत्या खुर्चीत गिरक्या. प्रत्येक प्रकार तीनदा, आणि दर वेळी वहीत आकडा. फसतं कुठे? नऊवर असतानाच थांबलं तर शरीर ‘थांबलो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतं. आधी गोळी घेऊन केलं तरी तेच.

गोळ्यांबद्दलही प्रत्येक जण विचारतो, ‘सवय लागेल का?’ ‘गोळी’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या औषधांना वापरला जातो. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अर्ध्या तासात शांत करतात आणि त्यांची सवय खरंच लागते. ती थोड्या दिवसांसाठी. पण महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून कमी करायची तीही डॉक्टरांच्या हिशेबाने. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या औषधांची तशी चटक लागत नाही. पहिला आठवडाभर अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून डोस लहान ठेवून सुरुवात करतात. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. नेमके याच काळात बरेच लोक ‘सोसत नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवायची. हे सगळं मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, समुपदेशक औषध देत नाही. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी बघा. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

या गृहस्थांनी दोन्ही केलं, औषध आणि सराव. शेवटी राहिला बोगदा. तेव्हा तो फक्त पुण्याकडे जाताना लागायचा, येताना घाट चढावा लागायचा. म्हणजे पुन्हा बोगदा हवा तर पलीकडे (सातारा जिल्ह्यातल्या) खंडाळ्याला वळायचं, घाट चढून सुरूरच्या बाजूला यायचं, पुन्हा आत. एका रविवारी सकाळी त्यांनी अशा तीन फेऱ्या मारल्या, पहिल्या दोन बायकोबरोबर, तिसरी एकट्याने. तिसऱ्या वेळी आत ट्रक अडला.

“आकडा?” मी फोनवर विचारलं.

“आठ. बाहेर पडलो तेव्हा पाच.”

“बाटली?”

“डिकीत. खंडाळ्याला थांबून प्यायलो.” मग जरा थांबून म्हणाले, “तहान लागली होती हो.”