बाळ मार्च-एप्रिलमध्ये रांगायला लागेल, नागपुरातल्या घरात आधी काय सुरक्षित करावं?

सगळ्यात आधी कूलर. कोपऱ्यांना लावायचे रबरी गार्ड वगैरे नंतर घेतले तरी चालतील. मी घरगुती वायरिंगची कामं करतो. उन्हाळ्यात लोखंडी बॉडीचा कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि ओल्या फरशीवर उघडे हात-गुडघे, यापेक्षा वाईट जुळणी नाही. पंपाचं इन्सुलेशन गेलं की बॉडीत करंट उतरतो. म्हणून कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा, घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. जमत असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा.

मग स्वतः फरशीवर बसून घर बघा, कारण बाळाला तेवढंच दिसणार आहे:
- जमिनीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि खालचे सॉकेट. झाकणं लावा.
- भरलेल्या बादल्या. नळाच्या वेळा सांभाळायला भरून ठेवतोच आपण, पण बाळ बोटभर पाण्यातही बुडू शकतं. बाथरूमला बाहेरून कडी हवी.
- रिमोटमधले बटण-सेल, डांबरगोळ्या, फिनाइल. सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. घरी वाट न बघता थेट दवाखाना.

मात्र आरसीसीबी असली म्हणून निर्धास्त होऊ नका. फेज आणि न्यूट्रल या विजेच्या दोन्ही तारांना एकदमच हात लागला, तर ती पडून वीज तोडेलच असं नाही.