तुमचे प्रश्न : फ्लॅकवरून एमपीथ्री करताना

गेल्या महिन्यात याच पानावर सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातले काहीही न गमावणाऱ्या फायलींत, कशा उतरवून घ्याव्यात ते सांगितले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे पुढच्या पायरीबद्दल आहेत: फ्लॅक तयार झाल्या, आता फोनवर, गाडीत, मंडळाच्या सिस्टिमवर वाजवायला त्या लहान कशा करायच्या?

प्रश्न : घरच्या सुमारे ४०० सीडी फ्लॅकमध्ये उतरवून झाल्या. अभंग, नाट्यसंगीत आणि ख्याल. बहुतेक सीडी तासाभराच्या. सगळे मिळून १३० जीबी भरते. फोनमध्ये कार्ड ६४ जीबीचे. ऐकणे मुख्यतः लोकलमध्ये. कोणता फॉरमॅट घेऊ आणि बिटरेट किती ठेवू? (एक वाचक, दादर)

उत्तर : आधी हिशोब करू. बिटरेट म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती हजार बिट (केबीपीएस) खर्च होतात तो आकडा. त्याला ०.४५ ने गुणले की एका तासाला किती एमबी लागतील ते कळते. १२८ केबीपीएसला ५७.६ एमबी, ३२० ला १४४ एमबी. तुमचे ४०० तास १२८ वर २३ जीबीत बसतात, २५६ वर ४६ जीबीत, आणि ३२० वर जवळजवळ ५८ जीबी होतात. म्हणजे ३२० सुद्धा मावते, पण कार्ड काठोकाठ भरते आणि फोटोंना जागा उरत नाही.

फॉरमॅट ठरवायचा तो कुठे वाजणार आहे त्यावरून. फोन अँड्रॉइड असेल तर ऑपस, १२८ केबीपीएस. आयफोन असेल तर एएसी, २५६ केबीपीएस, कारण त्यातले संगीताचे मूळ अ‍ॅप ऑपसच्या फायली घेत नाही. हीच प्रत गाडीत किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमवरही लावायची असेल तर एमपीथ्रीच करा. ते सगळीकडे वाजते. एमपीथ्रीसाठी लेम हा एन्कोडर (आवाज लहान फायलीत बसवणारे साधन) वापरा आणि ठरावीक बिटरेटऐवजी बदलता बिटरेट निवडा. त्यात व्ही शून्य ही पातळी सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास जाते, व्ही दोन १९० च्या आसपास. तुमच्या संग्रहाला व्ही शून्य ४४ जीबी घेईल, व्ही दोन ३४ जीबी.

तुम्ही अभंग ऐकता म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. कोणताही लॉसी एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातला कानाला न जाणवणारा भाग टाकून देतो. एमपीथ्रीत एक चौकट, म्हणजे असा एक तुकडा, १,१५२ नमुन्यांची (आवाजाच्या मोजमापांची) असते, सीडीच्या वेगाने सुमारे २६ मिलिसेकंदांची. माहिती टाकून दिल्यामुळे जी बारीक खरखर तयार होते ती तुकडाभर पसरते. तानपुऱ्याच्या किंवा स्थिर षड्जाच्या सुराखाली ती झाकली जाते. पण टाळ वाजतो तेव्हा तुकड्याच्या पहिल्या भागात शांतता असते आणि मग एकदम आघात होतो. खरखर त्या शांततेतही पसरते आणि आघाताच्या आधीच ऐकू येते. मग टाळेचा टणत्कार जाऊन ‘छिस्’ असा मऊ आवाज उरतो. चिपळ्या, खंजिरी आणि तबल्याच्या चाटेवरचे बोल यांचेही हेच होते. एन्कोडर अशा वेळी लहान तुकड्यांवर जातो, पण त्याला जास्त बिट लागतात. ठरावीक १२८ च्या एमपीथ्रीत ते मिळत नाहीत. बदलत्या बिटरेटमध्ये एन्कोडर तिथल्या तिथे जास्त बिट खर्च करतो. मैफलीच्या शेवटच्या टाळ्यांनाही हेच लागू आहे. हजार हातांचा आवाज म्हणजे हजार छोटे आघात, आणि कमी बिटरेटवर तो पत्र्यावरच्या पावसासारखा होतो. म्हणून तुमची सेटिंग तपासायची ती आवडत्या ख्यालावर नव्हे, टाळ-मृदंग जोरात असलेल्या अभंगावर.

लोकलच्या गोंगाटात ९६ चे ऑपसही पुरले असते. तरी १२८ सुचवतो, कारण हीच प्रत तुम्ही रात्री घरी शांततेत लावणार. ‘जॉइंट स्टिरिओ’ बंद करायचा सल्ला अजून काही जण देतात, तो ऐकू नका. दोन वाहिन्यांतला सामाईक भाग एकदाच साठवल्याने वाचलेले बिट आवाजाच्याच कामी येतात.

प्रश्न : विंडोज संगणकावर एकेक फाइल बदलत बसायचे नाही. अख्खा संग्रह एका दमात करता येईल का, आणि प्रत्येक सीडीचे फोल्डर वेगळे राहील का? (बोरिवली)

उत्तर : फूबार२००० हा विनामूल्य प्लेयर आणि त्याच्या साइटवरचा वेगळा ‘फ्री एन्कोडर पॅक’ असे दोन्ही बसवा. दुसरे विसरले तर बदल सुरू करताना तो लेमची फाइल कुठे आहे असे विचारतो आणि काम अडते.

फ्लॅकचे फोल्डर प्लेयरमध्ये ओढा, सगळे निवडा, उजवी क्लिक, ‘कन्व्हर्ट’, आणि त्यातला तीन टिंबांचा पर्याय. चार गोष्टी ठरवायच्या. आउटपुट फॉरमॅटमध्ये एमपीथ्री निवडून पट्टी व्ही शून्यवर न्या. डेस्टिनेशनमध्ये नवे, रिकामे फोल्डर द्या. फ्लॅकच्याच फोल्डरात कधीही नको. नावाच्या साच्यात टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये डिरेक्टरीनेम, मग तिरकी रेघ, मग तसेच फाइलनेम लिहा (सगळे रोमन छोट्या अक्षरांत, शब्द न तोडता), म्हणजे प्रत्येक सीडीचे फोल्डर जसेच्या तसे तयार होते. प्रोसेसिंग रिकामे ठेवा. इक्वलायझर किंवा ‘आवाज सुधारणारे’ काहीही तिथे राहिले तर ते चारशे सीडींत कायमचे जाऊन बसेल. शेवटी ‘अदर’मध्ये टॅग (फायलीतच लिहिलेली गाण्याची, गायकाची नावे) आणि चित्रे सोबत न्यायच्या खुणा केलेल्या आहेत ना ते पाहा.

सगळा संग्रह लावण्याआधी तीनच फाइल करून पाहा: टाळेचा एक अभंग, देवनागरी नावाचा एक ट्रॅक आणि पुढच्याला जोडून वाजणारा एक. त्या फोनवर नीट वाजल्या की बाकीचे रात्री लावून द्या. त्याआधी फ्लॅक शाबूत आहेत का तेही तपासा. प्रत्येक फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची एमडीफाइव्ह खूण साठवलेली असते. उजव्या क्लिकच्या ‘युटिलिटीज’मधली पडताळणी ती जुळवून पाहते. बिघडलेल्या फाइलवरून केलेली प्रत मधेच ‘टक्’ करते, आणि तो दोष एन्कोडरचा समजून लोक उगीच सेटिंग बदलत राहतात.

मॅकवर हेच काम एक्सएलडी करते.

प्रश्न : मैफलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश पुढच्यात. फ्लॅकमध्ये सलग वाजते. एमपीथ्री केल्यावर मधे क्षणभर आवाज तुटतो. (विलेपार्ले)

उत्तर : एमपीथ्रीत पूर्ण चौकटीच साठवता येतात. ट्रॅक चौकटीच्या मध्यावर संपला तर उरलेली जागा शांततेने भरली जाते. शिवाय लेम सुरुवातीला ५७६ नमुने पुढे सरकतो आणि वाजवणारा डीकोडर आणखी ५२९ ची भर घालतो. दोन्ही मिळून सुमारे २५ मिलिसेकंद. हे नेमके किती कापायचे ते लेम फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवतो. फूबारसारखा प्लेयर ते वाचून कापतो. गाडीतले बरेच स्टिरिओ वाचत नाहीत. ऑपसमध्ये ही माहिती फॉरमॅटचाच भाग आहे, म्हणून तिथे सहसा अडचण येत नाही.

प्लेयर तुमच्या हातात नसेल तर उपाय एकच आणि खात्रीचा: मैफलीचे सगळे ट्रॅक निवडा आणि त्याच खिडकीत ‘मर्ज ऑल ट्रॅक्स’ निवडून एकच लांब फाइल करा. मधल्या बंदिशीवर थेट उडी मारता येणार नाही, पण तानपुरा तुटण्यापेक्षा ते परवडले.

प्रश्न : गाडीतल्या पेनड्राइव्हवर गाणी भलत्याच क्रमाने लागतात, नावांच्या जागी चौकोन येतात आणि मुखपृष्ठाचे चित्र दिसत नाही. (मुलुंड)

उत्तर : तिन्हींची कारणे वेगळी आहेत. क्रमाचे असे: अनेक स्टिरिओ अक्षरक्रम पाहत नाहीत, फायली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये नव्याने फॉरमॅट करा, नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे द्या (नुसता १ दिला तर २ च्या आधी १० येतो) आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. नंतर मधे घुसवलेले गाणे शेवटीच वाजेल.

चौकोन येतात कारण स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नाही किंवा तो टॅगची जुनी पद्धतच वाचतो. त्या पद्धतीत, आयडीथ्रीच्या पहिल्या आवृत्तीत, शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही. टॅग आयडीथ्री २.३ मध्ये, यूटीएफ-१६ मध्ये लिहा. तरीही चौकोन आले तर फॉन्टच नाही, आणि त्यावर फायलीत काही करता येत नाही. तेव्हा फक्त गाडीच्या प्रतीत नावे रोमनमध्ये लिहा. फ्लॅकमधली देवनागरी नावे मात्र तशीच राहू द्या.

चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलचे साधे जेपेग ठेवा. ‘प्रोग्रेसिव्ह’ पद्धतीने साठवलेले जेपेग बऱ्याच गाड्यांना उघडत नाही.

प्रश्न : वडिलांच्या ७८ च्या रेकॉर्डी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर फ्लॅकमध्ये उतरवल्या. तीन मिनिटांची एक बाजू साठ-सत्तर एमबी होते. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या आहेत. व्ही शून्यचे एमपीथ्री केले तर आवाज जुनाच, पण फाइल अपेक्षेपेक्षा मोठी. (गिरगाव)

उत्तर : फाइल मोठी होते ती खरखरीमुळे. फ्लॅकला आणि लेमला खरखर म्हणजे अंदाज न बांधता येणारा आवाज. गायकापेक्षा जास्त बिट तीच खाते. त्यातही तुमच्या डाव्या-उजव्या वाहिनीतली खरखर वेगवेगळी आहे, म्हणून दोनदा साठवली जाते. ७८ ची रेकॉर्ड मोनो असते आणि तिची खाच आडवी हलते. दोन वाहिन्या मिसळून मोनो केल्यावर गाणे तेवढेच राहते आणि सुई वरखाली उडाल्याने येणारी बरीचशी खरखर एकमेकींना मारते. म्हणजे फाइल निम्मी होते आणि ऐकायलाही बरी लागते.

इथे एक धोका आहे. कार्ट्रिजची एक वाहिनी उलटी जोडलेली असेल तर मिसळल्यावर गायकच गायब होतो आणि खरखर उरते. एका रेकॉर्डीवर आधी पाहा. तसे झाले तर एक वाहिनी उलटी करून मग मिसळा.

नमुन्यांचा वेग ४८ किलोहर्ट्झवर आणा, कारण एमपीथ्री त्यापुढे जातच नाही. आधी १६ बिट करून घेण्याची मात्र गरज नाही, एन्कोडरला २४ बिटच द्या. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणात पाच किलोहर्ट्झच्या वर गाण्याचे जवळजवळ काही नसते. नंतरच्या विजेच्या मुद्रणात थोडे जास्त. तेव्हा वाटायच्या प्रतीत १० किलोहर्ट्झच्या वरचे कापले तरी चालेल. मोनो, ९६ केबीपीएस एमपीथ्री: तीन मिनिटांना दोन एमबीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

हे कापणे, मिसळणे, खरखर काढणे सगळे प्रतीवरच. मूळ फ्लॅकला हात लावू नका, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. खरखर काढण्याची साधने दरवर्षी सुधारत आहेत, पण आज गाण्यासकट पुसलेली खरखर उद्या परत आणता येणार नाही.

प्रश्न : मित्राकडून मिळालेल्या एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलल्या तर दर्जा सुधारेल का? (भांडुप)

उत्तर : नाही. टाकून दिलेले परत येत नाही, फक्त फाइल तिप्पट-चौपट होते. एमपीथ्रीवरून एएसी किंवा ऑपस करणे तर त्याहून वाईट, कारण तिथे दुसऱ्यांदा टाकले जाते. मिळालेली एमपीथ्री तशीच ऐका.

फ्लॅक म्हणून मिळालेली फाइल खरी आहे का याची शंका असेल तर स्पेक या विनामूल्य साधनात उघडा. १६ किलोहर्ट्झला चाकूने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती बहुधा १२८ च्या एमपीथ्रीवरून बनवलेली. पण जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात; तिथे आवाज हळूहळू विरत जातो, कापलेला दिसत नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाच्या सिस्टिमवर आरत्या पेनड्राइव्हवरून लावतो. काही फुटतात, काही अगदी हळू येतात. (लालबाग)

उत्तर : फुटण्याचे एक कारण एमपीथ्रीतच आहे. सीडीवर आवाज आधीच कमाल पातळीला टेकलेला असतो. एन्कोड करून परत उलगडताना लाटेची टोके थोडी वर जातात आणि कापली जातात. फूबारमध्ये आधी सगळ्या आरत्यांचे ‘रीप्लेगेन’, म्हणजे आवाजाची पातळी सारखी करायला किती कमीजास्त करावे लागेल ते, मोजून घ्या. मग बदलताना प्रोसेसिंगमध्ये रीप्लेगेन लावा, ट्रॅकनुसार, आणि फुटणे टाळण्याचा पर्याय निवडा. नुसता टॅग पुरत नाही, मिक्सरचा प्लेयर तो वाचत नाही. पातळी फायलीतच बदलली पाहिजे. फॉरमॅट ठरावीक ३२० चे एमपीथ्री, किंवा मिक्सर घेत असेल तर सरळ वेव्ह (न दाबलेली मोठी फाइल). दहा दिवसांच्या आरत्यांना जागा कितीशी लागते! मोठ्या स्पीकरवर कमी बिटरेटची टाळ फार वाईट ऐकू येते.

प्रश्न : ३२० आणि फ्लॅक यांतला फरक मला स्पष्ट जाणवतो, ब्लूटूथ हेडफोनवरसुद्धा. मुलगा म्हणतो भास आहे. (माहीम)

उत्तर : ब्लूटूथवर फोन आवाज पुन्हा एकदा एसबीसी किंवा एएसीसारख्या लॉसी कोडेकमध्ये बदलूनच पाठवतो, तेव्हा तिथे तुलना करू नका. तारेचा हेडफोन घ्या. फूबारमध्ये एबीएक्स नावाचा जोड बसवा. तो दोन्ही फायली नाव लपवून वाजवतो आणि कोणती कोणती ते तुम्ही ओळखायचे. पातळी दोन्हींची सारखी हवी, नाहीतर किंचित मोठी असलेली फाइल ‘चांगली’ वाटते. १६ वेळा करा, आकडा आधीच ठरवून. मनासारखे येईपर्यंत वाढवत जायचे नाही. १२ किंवा अधिक वेळा बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. तसे आले तर तुमचे खरे, आणि घरच्या स्पीकरवर फ्लॅकच लावा. आठ-नऊ आले तर फोनमध्ये व्ही दोन निर्धास्तपणे ठेवा.